दक्षमित्रा: लेण्यातल्या नावापासून जन्मदाखल्यापर्यंत

मुलीचं नाव ठेवायचं होतं. घरात नावरस नाव, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं नाव, हवंच होतं, म्हणून आम्ही अक्षरापासून सुरुवात केली. जन्मवेळ डिस्चार्ज कार्डावरची घ्यावी, नातेवाइकांच्या आठवणीतली नको. ही अक्षरं ज्या तक्त्यावरून काढतात त्या अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, म्हणजे भाग, आणि एकूण १०८ अक्षरं. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण साडेपाच ते पावणेसात तास लागतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या फरकानं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते चरणाच्या सीमेवर. आम्हाला पूर्वाभाद्रपदाचा तिसरा चरण मिळाला, अक्षर 'दा'. चौथा असता तर 'दी' आलं असतं आणि रासही कुंभेऐवजी मीन झाली असती. जन्म सीमेजवळचा असेल तर दोन वेगळ्या पंचांगांवरून पत्रिका काढून पाहावी, कारण पंचांगांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्या मोजमापात, फरक असतो. 'दा' आलं तर 'द'पासूनचं नावही चालतं. आर्द्रेचा ङ, हस्ताचा ण, उत्तराभाद्रपदाचा ञ आला तर त्या अक्षराचं नाव शोधत बसू नये. गुरुजींना विचारून त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्यावं.

अर्थाकडे वळल्यावर खरी मेहनत सुरू झाली. मोबाइलवरच्या नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि कुठल्याही गोड उच्चारापुढे 'संस्कृत' लिहून 'देवाची देणगी' किंवा 'लक्ष्मी' असा अर्थ चिकटवलेला असतो. मी प्रत्येक नाव आपट्यांच्या आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात तपासलं. दोन्ही कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. धातू किंवा मूळ शब्द सापडला नाही की नाव बाद. कियारा हे संस्कृत नाही. आयरिश 'किअरा' धरलं तर अर्थ काळीसावळी, इटालियन 'क्यारा' धरलं तर स्वच्छ, उजळ. मायरा हे नाव फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलं. परकं नाव ठेवण्यात काहीच गैर नाही, पण ते परकं आहे हे ठाऊक असू द्यावं. मूल मोठं झाल्यावर अर्थ विचारतंच.

कोश उघडल्यावर लेखनाच्या चुकाही दिसतात. तेज या अर्थाचं नाव त्विषा आहे. 'त्विशा' लिहिलं की 'त्विष्' हा धातूच हरवतो. पृथ्वी या अर्थाचं उर्वी ऱ्हस्व उ-नं लिहायचं, 'ऊर्वी' नाही. अनसूया म्हणजे न + असूया, जिला मत्सर नाही ती. 'अनुसया' लिहिलं की ही फोडच करता येत नाही. इरा हे दिसायला नवं, पण कोशात जुनं आहे: पाणी, अन्न, पृथ्वी, वाणी.

कमी वापरातली चांगली नावं हवी असतील तर याद्यांपेक्षा जुन्या ठेव्यांकडे जावं. ऋग्वेदातल्या ऋषिकांमध्ये, म्हणजे सूक्तं रचणाऱ्या बायकांमध्ये, घोषा, अपाला, विश्ववारा आहेत. विश्ववारा म्हणजे हवंहवंसं सगळं जिच्यापाशी आहे ती. वृत्तांमध्ये मालिनी, स्रग्धरा, शिखरिणी. शिखरिणी हे १७ अक्षरांचं वृत्त, आणि त्याच नावाचा दह्याचा गोड पदार्थही होता. आपलं शिकरण त्याच शब्दावरून आलं. गोदा हे तर नाशिककरांच्या घरचंच नाव, पण तमिळ वैष्णवांची संत आंडाळ हिलाही गोदा म्हणतात हे इथे फारसं कुणाला माहीत नसतं. नाशिकच्याच नासर्डी नदीचं मूळ नाव नंदिनी. तपोवनात गोदावरीला मिळते ती कपिला.

आम्हाला नाव मिळालं ते नाशिकच्या पांडवलेण्यांत. ज्या डोंगरात ती कोरली आहेत तो त्रिरश्मी, म्हणजे तीन किरणांचा. हेसुद्धा मुलीचं सुंदर नाव होईल. तिथल्या शिलालेखांत बायकांची नावं भरपूर आहेत. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात भटपालिका, आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवणारी शक उपासिका विष्णुदत्ता. १० क्रमांकाच्या लेण्यात दक्षमित्रा आहे: क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक राज्यकर्त्याची, मुलगी आणि उषवदाताची बायको. तिनं दान केलेल्या खोलीला लेखात 'ओवरक' म्हटलंय, म्हणजे आपली ओवरी. बायको या अर्थी आलेला शब्द 'कुडुंबिनी' आहे. जुनी माणसं 'आमचं कुटुंब' म्हणतात, तोच हा शब्द. प्राकृतात तिच्या नावातल्या क्षचा ख झालाय, जसं लक्षचं लाख. दक्ष म्हणजे कुशल, तत्पर. समासाची फोड दोन तऱ्हांनी होते: दक्षाची मैत्रीण, किंवा दक्ष माणसं जिचे मित्र आहेत ती. आम्हाला दुसरी जास्त आवडली.

नाव ठरलं तरी बारशाआधी ते बोलून पाहावं. लांबून हाक मारून बघा, आडनावासकट म्हणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे, तेव्हा चारही शब्द सलग म्हणून पाहा. माझ्या नणंदेला, म्हणजे आत्याला, कानात नाव सांगायचं होतं. 'क्षमि' जोडून येताना तिची जीभ अडखळायची, म्हणून तिनं आधी चार दिवस सराव केला.

आता कागद. दवाखान्यात जन्म झाला तर २१ दिवसांच्या आत नोंद कळवणं हे दवाखान्याचं काम, आणि नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. नाशिकमध्येच राहायला सिडकोत आणि बाळंतपण पंचवटीत, तर महापालिकेच्या पंचवटी विभागाकडेच जायचं. सुरुवातीला नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बाराव्या दिवसाच्या गडबडीत अर्धवट पसंतीचं नाव देऊन टाकण्यापेक्षा ही मुदत वापरावी, कारण एकदा घातलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं असतं. लेखनातली चूक कागद दाखवून दुरुस्त होते, पण अख्खं नाव बदलायचं तर राजपत्राची, म्हणजे गॅझेटची, वाट धरावी लागते. आई-वडिलांचा अर्ज, दोघांची आधार कार्डं आणि बिननावाचा दाखला, एवढं आम्ही नेलं होतं.

सगळ्यात मोठी अडचण इंग्रजी अक्षरांची. शेवटचा 'आ' एका 'ए'नं लिहिला की संगणक मराठीत 'दक्षमित्र' करतो, म्हणजे पुल्लिंगी. आमच्या कच्च्या प्रतीत नेमकं तेच आलं होतं, वर पहिल्या अक्षरालाही काना लागून 'दाक्षमित्र' झालं होतं. म्हणून अर्जासोबत जाड अक्षरात दोन ओळी लिहिलेला कागद द्यावा, एक देवनागरी आणि एक इंग्रजी, आणि पक्की नोंद होण्याआधी पडद्यावर स्वतः वाचून घ्यावं. ऋ आणि ज्ञ असलेल्या नावांत हा घोळ दुप्पट होतो. मृण्मयीतल्या 'मृ'मधल्या ऋसाठी आपण 'आर यू' लिहितो, उत्तरेत 'आर आय'. ज्ञानदा आपल्याकडे 'डी एन वाय'नं सुरू होतं, तिकडे 'जी वाय'नं. एक रूप धरा आणि तेच सगळीकडे चालवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे, त्यामुळे त्यातलं स्पेलिंगच पुढे सगळीकडे जातं.

बाल आधार काढताना तोच दाखला समोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं. पाच वर्षांखालच्या बाळाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे तिथे तपासायचं असतं ते नाव आणि जन्मतारीख. ते दोन्ही बरोबर आलं. घरी मात्र तिला सगळे मितूच म्हणतात.