तिवर वाढलं, मग तुम्हाला वाईट का वाटतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हा प्रश्न मला दर हिवाळ्यात ऐकायला मिळतो. शाळेची मुलं आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे यांना मी धरमतरच्या खाडीकाठचं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवायला नेते. खारफुटीच्या झाडांत तिवर कोणतं, चिप्पी कोणती, चिखलातून वर आलेली मुळं श्वास कशी घेतात, निवट्या मासा पाण्याबाहेर कसा उड्या मारतो, हे सगळं सांगून होतं. परतीच्या वाटेवर बांधाच्या आतल्या बाजूला, जिथे शेतं होती तिथे दाट तिवर दिसतं. मी सांगते, "इथे आमचं भात होतं." मग कुणीतरी विचारतंच, "पण ताई, खारफुटी वाढतेय हे चांगलंच ना? मग तुम्हाला वाईट का वाटतं?"

वाटेत उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. घाईत सांगितलं की ऐकणाऱ्याला मी एकतर झाडांची वैरीण वाटते, नाहीतर शेतकऱ्यांची.

आधी खारेपाट म्हणजे काय ते सांगते. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला, अंबा नदी नि धरमतरच्या खाडीलगतचा हा सपाट पट्टा मुळात भरतीच्या पाण्याखालचा चिखल. आमच्या पूर्वजांनी त्याला मातीचे बांध घातले, खारं पाणी बाहेर अडवलं, पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढलं आणि तिथे भात पिकवलं. शेत खाली, उधाणाचं पाणी त्याहून वर, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त मातीचा बांध. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिचं झाप उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतं. ना वीज, ना पंप. घराजवळच्या तळ्यात खाडीतून आणलेली जिताडा माशाची पिल्लं सोडायची, ती दोन-तीन वर्षांनी मोठी झाली की लग्नकार्याला काढायची. भात, जिताडा, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, बोय मासे. माझं सगळं बालपण यावर गेलं.

ही जमीन कुळांनी घडवली, पण कागदावर मालक खोत, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी जो संप सुरू झाला, तो याच खाऱ्या मातीतला. कुळांनी जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि तो निर्धार सहा वर्षं टिकवला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1937 साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. माझे आजोबा त्या संपात होते. उपासमारीबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते बांधाबद्दल. खोत गेला, जमीन नावावर झाली, पण बांध सुटला तर त्या नावाचं करायचं काय, असं म्हणायचे.

बांध सांभाळायची पद्धत होती, तिला आमच्याकडे जोळ म्हणतात. एका खारातल्या, म्हणजे एका बांधाआडच्या पट्ट्यातल्या, सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून तो बांध राखायचा. घरटी एक माणूस कामाला, न आला तर दंड. एकजण रोज बांधावरून चालायचा. त्याची नजर चिंबोरीच्या बिळांवर. एवढंसं बीळ, त्यातून आधी पाझर, मग गळती, मग माती खचते आणि खांड पडते. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. रात्री-अपरात्री हाक यायची, "चला रं, खांड परली!" की पेंढ्याच्या पेंढ्या, बांबू, घमेली घेऊन गाव बांधावर.

आता जे सांगते ते नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगात भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, पाण्याला ओढ कमी असते. तिथीची पाऊणपट केली की आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ ढोबळपणे निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. खांड बांधायची ती याच दोन-चार दिवसांत, सुकतीच्या आगेमागे मिळणाऱ्या तासांत. हा भांग चुकला तर मागून येणारं उधाण खांड रुंद आणि खोल करून जातं. जे काम या अष्टमीला चाळीस माणसांनी झालं असतं, ते पुढच्या अष्टमीला शंभर माणसांनीही होत नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात तर पोकलेनही चिखलात रुततो. गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, म्हणून कुणी कुणाच्या मंजुरीची वाट पाहत नसे.

1948 साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, पुढे 1979 साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. हेतू चांगलाच होता. मोठ्या दगडी पिचिंगचं, पक्क्या उघाड्यांचं काम गरीब शेतकऱ्यांना परवडणारं नव्हतं, ते सरकारने अंगावर घेतलं. पण त्याबरोबर बांध सरकारचा झाला. जोळीचा दंड कोण भरणार, सरकारी बांधावर फुकट माती कोण टाकणार, असं लोक म्हणू लागले. तरुण मुलं कारखान्यात आणि मुंबईला जाऊ लागली होती. बांधावरून रोज चालणारा माणूस गेला तो गेलाच. आमच्यातही चुका झाल्या, त्या लपवणार नाही. उघाडीच्या तोंडाशी मासे धरायचे म्हणून झापं अडकवून ठेवणारे आमच्याच गावचे होते. खारं पाणी आत आलं की वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचं भात करपायचं.

आमच्या खाराला खांड पडली पिठोरी अमावास्येच्या उधाणात. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. भात पोटरीला आलेलं. सकाळी पाहिलं तर बांधात बैलगाडी जाईल एवढी वाट झालेली आणि शेतात माशांची पिल्लं पोहत होती. सासरे दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन कचेरीत गेले. पाहणी होईल, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. समोरचा माणूस वाईट नव्हता, त्याने चहाही पाजला. पण त्याच्या कागदांना भांग आणि उधाण माहीत नव्हतं. अष्टमी आली, गेली. गावातल्या म्हाताऱ्यांनी आपणच बांधू म्हटलं, तर सरकारी कामाला हात लावू नका असं कुणीतरी सांगितलं, आणि आम्ही ऐकलं. ते ऐकलं याचं मला आजही वाईट वाटतं. दिवाळीपर्यंत खांडीतून होडी आत येऊ लागली. मंजुरी आली तेव्हा अंदाजपत्रकातल्या खांडीच्या कितीतरी पट मोठी खांड समोर होती.

खारं पाणी एकदा आत आलं म्हणून जमीन मरत नाही. खांड लगेच बुजवली तर पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन काढतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2, 3 अशी खारं सोसणारी भाताची वाणं काढली आहेत, आणि आमचा जुना लाल राताही चिवट. पण पाणी दिवसातून दोनदा येत-जात राहिलं तर इलाज नाही. तिवराचं बी झाडावरच आतल्या आत रुजून तयार होतं, पावसाळ्यात गळतं, पाण्यावर तरंगतं. भरतीबरोबर ते खांडीतून आत आलं आणि सासऱ्यांच्या भाताच्या चिखलात उभं राहिलं. पहिल्या वर्षी वीतभर. आज माझ्या डोक्यावरून दुप्पट उंच आहे.

मग कायदा. 6 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रात कांदळवन तोडायला बंदी घातली, जमीन कुणाच्याही मालकीची असो, आणि भोवतालच्या 50 मीटरांत बांधकाम करायचं नाही असंही सांगितलं. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने ते अधिक पक्कं केलं. हा आदेश मला मनापासून योग्य वाटतो. भराव टाकून, विष घालून, जाळून खाडी गिळणाऱ्यांसमोर नुसत्या विनवण्या चालत नव्हत्या. बांधाच्या बाहेर उभं असलेलं तिवर लाटेचं बळ मोडतं, गाळ धरतं, बांध वाचवतं. आमचे म्हातारे बांधासमोरचं तिवर सरपणाला तोडू देत नसत. बाहेरचं तिवर आणि आतलं भात यांच्यात कधी भांडण नव्हतंच.

पण वरून काढलेल्या चित्रात बाहेरचं हिरवं आणि आतलं हिरवं सारखंच दिसतं. बाहेरचं तिवर आपल्या जागी आहे. आतलं तिवर म्हणजे कधीतरी एक खांड वेळेवर बुजवली गेली नाही, याची खूण. आता त्या सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं, जमीन कांदळवनाची. पिकवता येत नाही, विकायला जावं तर मातीमोल. पीकपाहणीत वर्षानुवर्षं 'पड' लागते आणि मग एजंट दारात येतो. "नापीक झाली, कशाला धरून बसलात?" म्हणतो. 2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू उघडला, आणि मुंबई आमच्या अंगणात आली. त्याआधी सप्टेंबर 2008 मध्ये पेणच्या 22 गावांत सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मतदान घेतलं गेलं होतं. ओलिताची आशा असलेली ती गावं होती, लोक ठाम उभे राहिले. जिथे आधीच खारं पाणी शिरलंय तिथे ठाम उभं राहायला पायाखाली काय उरतं? म्हणून खांड पडली की मला आधी पुढच्या पाच-दहा वर्षांत दारात येणारा तो माणूस दिसतो.

गोव्यात तिसवाडीत एकदा खाजनं पाहिली. तोच बांध, आमच्या उघाडीला ते मानस म्हणतात, तेच भात आणि मासे. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, लगतचं कांदळवन राखा. तिथेही बांध फुटतात, भांडणं होतात, सगळं आलबेल नाही. पण बांध, शेत आणि तिवर मिळून एकच वस्तू आहे हे कायद्याच्या कागदावर कुणीतरी लिहिलंय, हे वाचून मला भरून आलं. खारेपाटासाठी मला तेच हवंय.

आता थेट तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या सव्वा एकरातलं तिवर तोडा असं मी म्हणत नाही. तिथे बगळ्यांची वसाहत झाली आहे, चिंबोऱ्या धरून दोन घरं चालतात, आणि समुद्र चढतोय हे मलाही दिसतं. ते कांदळवन सगळ्या किनाऱ्याचं रक्षण करतंय, तर त्याचा मोबदला माझ्या सासरच्या माणसांना मिळावा. एकदाच नको, दरवर्षी, पिकासारखा. जिथे तिवर अजून गुडघाभर आहे आणि शेतकऱ्याला परत पिकवायचं आहे, तिथे जुना गावनकाशा, सातबारा आणि बांधाची जागा पाहून न्यायालयाकडे मार्ग मागावा, आणि तो मागणं सरकारचं काम असावं. एकट्या शेतकऱ्याला वकील परवडत नाही. आणि आज जे बांध उभे आहेत, त्यांच्या दुरुस्तीचे पैसे आणि अधिकार दोन्ही जोळीच्या हातात द्यावेत. आधी खांड बुजवा, कागद नंतर. पाच-पन्नास हजारांची माती वेळेवर पडली तर कोट्यवधींचं अंदाजपत्रक कशाला लागेल?

शेजारच्या खारात गेल्या वर्षी हे थोडं जमलं. तरुण मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जोळ पुन्हा उभी केली आहे. बांधावरून चालायची पाळी लावली आहे, गळती दिसली की फोटो येतो. खांड पडायच्या बेतात होती, नवमीच्या सुकतीला बासष्ट माणसं जमली, त्यात एकोणीस बाया. तीन वाजेपर्यंत पाझर थांबला. जुन्या माणसांपैकी एकच आता उरले आहेत, ऐंशीच्या पुढचे. ते खुर्ची टाकून बसले होते आणि पेंढा कुठे कसा दाबायचा ते ओरडून सांगत होते.

येत्या कार्तिकातल्या अष्टमीला उघाडीजवळचा बांध चढवायचा आहे. तुम्ही तिवर बघायला येणारच आहात, तर त्या दिवशी या. सुकती बाराला आहे, म्हणून नऊपर्यंत पोहोचा. चप्पल चिखलात राहते, ती घरीच काढा. घमेली आमच्याकडे आहेत, आणि जेवायला तांदळाची भाकरी नि चिंबोरीचं कालवण.