बिचारा, परत वाळूत गेला

आमच्या घरात गोल्फ मी खेळतो आणि आई बघते. मला टीव्हीवरचं गोल्फ दहा मिनिटांच्या वर बघवत नाही. आईने आयुष्यात कधी क्लब, म्हणजे चेंडू मारायचा दांडा, हातात धरलेला नाही, तरी शनिवार-रविवार आला की चष्मा पुसून, पाय वर घेऊन ती अशी बसते, की चार तास हलायचं नाव नाही. या खेळात तुला काय सापडलं, असं एकदा विचारलं. म्हणाली, "यात कुणी ओरडत नाही."

हे खरं आहे. समालोचक तर इतक्या दबक्या आवाजात बोलतो, की शेजारच्या खोलीत तान्हं मूल निजवलंय असं वाटावं. बऱ्याचदा तो खेळाडूपासून कितीतरी लांब, काचेआड बसलेला असतो. तिथून त्याने शंख फुंकला तरी कुणाचा फटका चुकणार नाही. पण कुजबुजायची रीत पडून गेली आहे आणि आईच्या डोळ्यांवर झापड यायला ती फार सोयीची आहे.

चेंडू तिला दिसत नाही. त्रेचाळीस मिलिमीटरही न भरणारा पांढरा ठिपका ढगाळ आभाळात शोधायचा नाद तिने केव्हाच सोडला. ती माणसं बघते. कोण ओठ चावतो, कोण टोपी सारखी काढतो-घालतो, कोणाची बायको दोरीपलीकडे उभी राहून नखं खाते. कॅडी हा प्रकार तिला बरेच दिवस कळेना. "हा पिशवीवाला त्याच्या कानात एवढं काय सांगतो रे?" मी म्हटलं, वारा कुठून आहे, अंतर किती, कुठला क्लब घ्यावा, उतार कसा आहे. "एवढं सगळं त्याला कळतं, तर तोच का नाही मारत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडा विचार करून तीच म्हणाली, "म्हणजे सल्ला देणारा वेगळा आणि निस्तरणारा वेगळा. तरी बरं, हा निदान ओझं तरी उचलतो."

चेंडू बंकरमध्ये गेला की मात्र ती मनापासून हळहळते. "बिचारा, परत वाळूत गेला." हा बिचारा बहुधा कोट्यधीश असतो आणि पुढच्याच फटक्याला वाळूतून चेंडू काढून झेंड्याच्या काठीजवळ नेऊन ठेवतो. त्याने आईची कळकळ कमी होत नाही. कोण जिंकतंय हे तिने मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले. पण धावसंख्या जितकी मोठी तितकी चांगली, हा क्रिकेटचा संस्कार तिच्यात पक्का आहे. सुरुवातीच्या काळात मी ११८ फटके मारून मान खाली घालून घरी यायचो, तेव्हा ती म्हणायची, "वा, शंभराच्या वर!" पुढे पहिल्यांदा ९६ झाले. मी उड्या मारायच्या बेतात होतो. आई म्हणाली, "असू दे, होतं असं कधीकधी."

आता माझ्या खेळण्याविषयी. अठरा होलची एक फेरी, म्हणजे एकामागून एक अठरा खड्ड्यांत चेंडू घालणं, खेळायला चारेक तास लागतात. माझे फटके होतात शंभराच्या आसपास. एका स्विंगला फार तर दीड सेकंद. म्हणजे चार तासांतली अडीच मिनिटं मी गोल्फ खेळतो. उरलेला वेळ मी चालतो, चेंडू शोधतो आणि मघाच्या फटक्याचं काय चुकलं ते स्वतःला पटवून देतो. ही अडीच मिनिटंही फुगवून सांगितलेली. चेंडू आणि क्लबचं पातं एकमेकांना लागलेले असतात ते साधारण सेकंदाचा दोन हजारावा भाग. सगळी फेरी मिळून सेकंदाचा विसावा भाग भेट, आणि त्यासाठी पहाटे साडेपाचचा गजर.

पण एक फटका सांगतो. हातात सात नंबरचं आयर्न हा क्लब, सकाळची वेळ, गवतावर दव. समोर ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, मध्ये बंकर. वाईट फटका हाताला लगेच कळतो. बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि चेंडू कुठे गेला हे मान वर करून बघायची गरज राहत नाही. या फटक्याला हाताला काहीच लागलं नाही. चेंडू तिथे नव्हताच, मी हवेत क्लब फिरवला, असं वाटावं इतकं. मग आवाज आला, कोरडा आणि भरीव. मी वर बघितलं तर चेंडू बंकरच्या बराच वर होता आणि अजून चढत होता. मग तो क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि खाली आला तो काठीपासून दोन पावलांवर. सोबतचे तिघे गप्प होते. एरवी ते गप्प नसतात.

त्या दिवशीचे बाकीचे १०१ फटके मला आठवत नाहीत. हा आठवतो. रात्री झोप आली नाही तर मी तो पुन्हा मारतो.

गोल्फची खरी लबाडी यात आहे. जगातल्या एखाद्या वेगवान गोलंदाजासमोर मला उभं केलं तर मी एक चेंडूही टिकणार नाही, आणि ते मला मान्य आहे, म्हणून त्याचं दुःखही नाही. गोल्फमध्ये मात्र महिन्यातून एकदा असा फटका निघतो, की पहिल्या नंबरच्या खेळाडूला तिथे उभं केलं असतं तर त्यालाही याहून फार वेगळं काही करता आलं नसतं. अडचण एवढीच, की तो पुढचाही तसाच मारतो.

म्हणून मला टीव्हीवरचं गोल्फ सोसत नाही. मी ज्याची महिनाभर वाट बघतो तो फटका तिथे मिनिटाला एक या दराने पडत असतो, आणि वर मारणारा तोंड वाकडं करतो, कारण चेंडू चार फूट लांब राहिला! शिवाय कॅमेरा सगळं सपाट करतो. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या गोल्फ कोर्सवर, जिथे मास्टर्स ही स्पर्धा होते, तिथले चढउतार टीव्हीवर दिसतात त्याहून कितीतरी उभे आहेत असं तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. ज्याने कधी खेळलेलं नाही त्याला तीन फुटांचा पट, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायचा फटका, पोरखेळ वाटणार. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडू त्याच्या निम्म्याहून लहान, त्यात घालायचं काय अवघड आहे? मी अशा पटसमोर उभा राहिलोय. चार पावलं अलीकडे ते होल बादलीएवढं होतं. खाली वाकून पटर टेकवला आणि ते अंगठीएवढं झालं.

मग आई चार तास नेमकं काय बघते? हे मला एका जुन्या चित्रफितीने शिकवलं. १९९९ चं ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा, स्कॉटलंडमधलं कार्नुस्टी. फ्रान्सचा झां वान द वेल्ड तीन फटक्यांच्या आघाडीवर, फक्त शेवटचा होल उरलेला. पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित, पण सहात संपवला तरी किताब त्याचा. म्हणजे दोन फटके वाया घालवायची मुभा. कुणीही शहाणा माणूस इथे जपून, छोटे छोटे फटके मारत गेला असता. याने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारणारा क्लब, काढला. चेंडू भलतीकडे गेला, पण सुखरूप पडला. पुढचा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटून, ओढ्याच्या दगडी काठावरून उसळून मागे दाट गवतात. तिथून मारला तो ओढ्यात.

आणि मग हा माणूस खाली बसला, बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओढ्यात उतरला. हातात क्लब, पायाखाली चेंडू, वरून पाणी. बराच वेळ तो तसाच उभा होता.

ही फीत मी आईला दाखवली. ती सोफ्यावर पुढे सरकून बसली. "अरे, कुणीतरी सांगा त्याला, बाहेर ये म्हणावं!" तो बाहेर आला, एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू टाकला, पुढचा फटका मारला आणि तो गेला बंकरमध्ये. आईने कपाळावर हात मारला. "बिचारा, परत वाळूत गेला." तिथून काढून त्याने सातवा फटका, सात-आठ फुटांचा पट, होलमध्ये घातला. या पटचं मला आजही नवल वाटतं. तेवढं सगळं झाल्यावर माझे हात चालले नसते. मग बरोबरी झाल्यामुळे चार होलचा प्ले-ऑफ झाला आणि जिंकला पॉल लॉरी, जो त्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होता. ही कामगिरी केवढी मोठी! पण फीत संपल्यावर आईने विचारलं, "ते पाण्यात उतरलेले पुढे बरे आहेत ना?" लॉरीबद्दल काही विचारलं नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी कोर्सवर जातो ते एका चांगल्या फटक्यासाठी. आई टीव्हीसमोर बसते ती एका वाईट फटक्यासाठी. यात दुष्टपणा नाही, उलट असलीच तर माया आहे. सगळे सरळ मारत असले की तिला डुलकी लागते. कुणाचा चेंडू झाडीत गेला की जागी होते.

याला अपवाद आहेत, नाही असं नाही. २००५ च्या मास्टर्समध्ये टायगर वूड्सने सोळाव्या होलवर ग्रीनच्या बाहेरून चिप, म्हणजे जवळून मारायचा छोटा फटका, मारली, होलच्या दिशेने नाही तर बरीच बाजूला, चढावर. चेंडू वर गेला, वळला, उताराने हळूहळू खाली आला आणि होलच्या काठावर येऊन थांबला. दोनेक सेकंद तसाच लटकला आणि मग पडला. हा फटका मी शंभरदा बघितला असेल. पण त्यातही बघण्यासारखी ती दोन सेकंदंच आहेत ना. सरळ जाऊन पडला असता तर आईने पापणीही हलवली नसती.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली होती, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हे चाळे करतात म्हणून. बंदी खेळण्यावर होती. बघणाऱ्यांचा धोका त्या काळी कुणाच्या ध्यानात आला नसावा.

धोका म्हणतो तो उगाच नाही. हा असा खेळ आहे, की बहुतेक वेळा स्वतःवर लक्ष ठेवायला तुम्ही एकटेच असता. १९२५ च्या यू. एस. ओपनमध्ये बॉबी जोन्स रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. त्याच्याखेरीज कुणाला दिसला नाही. चौकशी झाली, तरी कुणाला काही सांगता येईना. त्याने स्वतःच्या नावावर एक फटक्याचा दंड लिहायला लावला, शेवटी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला. आता दुसरं टोक. २०१७ साली एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या स्पर्धेच्या शनिवारच्या फेरीत लेक्सी थॉम्पसनने ग्रीनवर खूण करून चेंडू उचलला आणि परत ठेवताना जागा जेमतेम इंचभर चुकली. टीव्हीसमोर बसलेल्या कुणाच्या तरी ते लक्षात आलं आणि रविवारी त्याने ई-मेल पाठवला. ती आघाडीवर होती. बारावा होल संपल्यावर तिला सांगण्यात आलं, की चार फटक्यांचा दंड आहे, दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याचे आणि दोन चुकीच्या स्कोअरकार्डवर सही केल्याचे. डोळे पुसत तिने बरोबरी साधली, आणि प्ले-ऑफमध्ये हरली. पुढच्या वर्षापासून प्रेक्षकांच्या असल्या तक्रारी घेणंच बंद झालं.

आईचा निकाल ताबडतोब आला. "त्या माणसाला घरी काही काम नसेल." मी मात्र थोडा घुटमळलो. चेंडू झाडाच्या मुळाशी अडकलेला असतो, आसपास चिटपाखरू नसतं आणि बुटाचं टोक आपसूक पुढे सरकायला लागतं, तेव्हा मला बॉबी जोन्स आठवतो. दर वेळी आठवतो असं नाही.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, मला एकदा तुझं बघायचंय. गोल्फच्या छोट्या गाडीत बसवून तिला कोर्सवर घेऊन गेलो. टोपी घालून ती ऐटीत बसली होती, पण तिसऱ्या होलपर्यंत वैतागली. कोण कुठे मारतोय काही कळत नाही, जवळून चेहरा दिसत नाही, कुजबुजत समजावून सांगणारं कुणी नाही. आम्ही रफमध्ये माना खाली घालून चेंडू शोधत होतो तेव्हा तिने गाडीतून विचारलं, "किती वेळ शोधायचा असतो?" म्हटलं, तीन मिनिटं, २०१९ च्या आधी पाच होती. "बरं झालं कमी केली," ती म्हणाली.

सातव्या होलवर माझा तो फटका लागला. तोच, हाताला न कळणारा. चेंडू उंच गेला, सरळ गेला आणि ग्रीनवर पडून थांबला. मी वळून आईकडे बघितलं. ती दुसरीकडे तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या बगळ्याकडे बघत होती. "बघितलंस?" मी विचारलं. "हो रे, कधीचा एका पायावर उभा आहे."

आठव्या होलला ते तळं ओलांडायचं होतं. या वेळी तिने चष्मा सारखा केला, पदर खोचला आणि माझ्याकडे नीट बघत बसली. मीही जरा जास्तच तयारी केली. हाताला झिणझिण्या आल्या. चेंडू बगळ्याच्या अलीकडे पाण्यात पडला आणि बगळा उडून गेला.

"बिचारा," आई म्हणाली. मला म्हणाली की बगळ्याला, ते मी विचारलं नाही. पिशवीतून दुसरा चेंडू काढला.