१४२ सामने आणि दोन गोल

२००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा फुटबॉलपटू, बचावफळीतला लिलियन थुराम निवृत्त झाल्याची बातमी आली, तेव्हा मी क्रीडाविभागात रात्रपाळीला होतो आणि त्याच्या कारकिर्दीवरचे अर्धे पान माझ्या वाट्याला आले. पॅरिस सां-जर्मांशी करार होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत हृदयात दोष आढळल्याने ३६ व्या वर्षी त्याला थांबावे लागले होते. मोनॅको, पार्मा, युव्हेंटस आणि बार्सिलोना हा क्लबांचा प्रवास एका परिच्छेदात उरकला. अडले ते छायाचित्रापाशी.

वृत्तसंपादकांना ८ जुलै १९९८ चे छायाचित्र हवे होते: विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध दुसरा गोल केल्यावर गुडघ्यांवर बसून, ओठांवर बोट ठेवून विचारात पडलेला थुराम. फ्रान्सकडून १४२ सामने खेळलेल्या या माणसाचे गोल दोनच, आणि तेही त्याच सामन्यात. ‘वाचकांना हेच आठवतं, हेच लावा,’ असे ते म्हणाले. ज्याने १९९४ पासून २००८ पर्यंत देशासाठी गोल अडवले, त्याची ओळख त्याने केलेल्या गोलांवरून करून देणे मला पटत नव्हते. मात्र वृत्तसंस्थांच्या संग्रहात त्याच्या बचावाचे बोलके छायाचित्र शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की ते सापडणे जवळपास अशक्य आहे. छायाचित्रकाराचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, आणि चांगला बचावपटू अशा जागी उभा असतो की प्रतिस्पर्धी चेंडू त्या बाजूला पाठवायचेच टाळतो. घसरत जाऊन चेंडू काढल्याची दृश्ये भरपूर होती. पण घसरावे लागते ते बहुतेक वेळा जागा आधी चुकली म्हणूनच.

शेवटी मी त्या उपांत्य सामन्याचा वृत्तान्त पुन्हा वाचला आणि माझा विरोध मावळला. उत्तरार्ध सुरू होताच दावोर सुकेरने क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली होती. बाकीच्या बचावपटूंसोबत थुराम वेळेत पुढे न सरकल्यामुळे सुकेर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या मागे नियमबाह्य जागी, ठरला नव्हता. त्यानंतर मिनिटभरातच थुरामने क्रोएशियाच्या पेनल्टी क्षेत्राजवळ त्यांच्या बोबानच्या पायातून चेंडू हिसकावला, सहकारी जोर्काएफकडे देऊन तो परत घेतला आणि बरोबरी साधली. म्हणजे तो गोलही मुळात चेंडू हिरावण्याच्या त्याच्या नेहमीच्या कामातूनच आला होता. ७० व्या मिनिटाचा डाव्या पायाचा फटका, म्हणजे दुसरा गोल, मात्र निव्वळ चमत्कार होता. त्याचे श्रेय बचावाला देण्याचा हट्ट मीही धरला नसता. छायाचित्र तेच ठेवले, पण त्याखालच्या ओळींत सुकेरचा गोल आणि बोबानकडून हिसकावलेला चेंडू यांचा उल्लेख आवर्जून केला.

मजकुरातला शेवटचा परिच्छेद मी २००६ साठी राखून ठेवला. युरो २००४ नंतर राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला थुराम २००५ मध्ये परतला आणि राइट बॅकऐवजी (उजव्या कडेच्या बचावाऐवजी) सेंटर बॅक (मधला बचावपटू) म्हणून विश्वचषक खेळला. त्या स्पर्धेतील सात सामन्यांत फ्रान्सने निर्धारित व जादा वेळेत मिळून तीनच गोल स्वीकारले, त्यातला एक पेनल्टीवर आणि एक कॉर्नरवरून आला. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात झिदानच्या पेनल्टीवर फ्रान्स १-० ने जिंकला, तरी सामनावीर ठरला तो ३४ वर्षांचा थुराम. पान लावताना जागा कमी पडली, तेव्हा हा परिच्छेद काढू नये एवढीच विनंती मी केली. वृत्तसंपादकांनी त्याऐवजी क्लबांचा परिच्छेद निम्मा केला आणि पान छपाईला सोडले.