तुम्ही विचारलंत म्हणून: अश्वगंधा घेतली, झोप का येत नाही?

‘रात्री कपभर गरम दुधात चमचाभर अश्वगंधा ढवळून पितो, झोप काही येत नाही. चुकतंय कुठे?’ असं विचारणारे पुष्कळ. चुकतं ते करण्यात, आणि त्याहून जास्त अपेक्षेत.

आधी करणं. दुधात नुसती पूड ढवळणं म्हणजे क्षीरपाक (औषध दूध-पाण्यात उकळून दुधाइतकं उरेपर्यंत आटवणं) नव्हे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याचं माप असं: औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे ५ ग्रॅम अश्वगंधेला ४० मिली दूध नि १६० मिली पाणी. काष्ठौषधींच्या दुकानातून अख्खी मुळं आणा. चांगलं मूळ बाहेरून भुरकट, आतून पांढरट असतं आणि वाकवलं की कट्‌कन मोडतं. लवत असेल तर ओल धरलेलं आहे, घेऊ नका. खलबत्त्यात भरड कुटा, पीठ नको. या मुळात स्टार्च भरपूर. बारीक पूड उकळली तर खळीसारखी होते आणि बुडाला लागते. अरुंद, जाड बुडाच्या भांड्यात आधी ४० मिली पाणी घेऊन लाकडी काडीवर त्याच्या पातळीची खूण करा. मग सगळं एकत्र मंद आचेवर ठेवा. आटत आटत त्या खुणेवर आलं की उतरवा, फडक्यातून पिळून गाळा. जेवणानंतर तासाभराने, कोमट असतानाच घ्या.

एवढा खटाटोप नको असेल तर चूर्ण चालेल: सपाट चमचा, सुमारे ३ ग्रॅम. अर्धा चमचा तुपात आधी कालवा, म्हणजे दुधात गुठळ्या होत नाहीत. मात्र चूर्ण लवकर जुनं होतं. वर्षभर डब्यात पडलेलं वापरण्यात अर्थ नाही. कॅप्सूलचा हिशेब वेगळा. ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे ३०० मिलिग्रॅम चूर्ण नव्हे, अर्क कितीतरी तीव्र असतो. डबीवर ‘मूळ’ लिहिलंय का, तेही बघा. पानं वापरू नयेत असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलं आहे.

आता अपेक्षा. ही झोपेची गोळी नाही. ज्या चाचण्यांत फायदा दिसला, त्या बहुतेक सहा ते दहा आठवड्यांच्या आहेत, आणि फायदाही माफकच. धास्ती थोडी कमी होते, झोप जरा लवकर लागते. पहिल्याच रात्री गुंगी आली नाही म्हणून मात्रा दुप्पट करणारे दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याची तक्रार करतात. आणि रात्री दहाला चहा पिऊन अकराला अश्वगंधा, हे तर कुठल्याच ग्रंथात बसत नाही.

काही घरांत सोबत जायफळही उगाळतात. सहाणेवर दोन-तीन वळसे, बस. अख्खं जायफळ किसून घातलं तर छातीत धडधड, कोरडं तोंड, भ्रम असा प्रकार काही तासांनी सुरू होतो आणि दिवसभर उतरत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अश्वगंधा घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, झोपेच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हिने थायरॉइडची पातळी वाढू शकते. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं क्वचित, पण आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून तपासणी करा. आणि रात्री मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी त्याची तपासणी. तिथे अश्वगंधेचं काम नाही.