घाटवाटांची साइट वर्डप्रेसमधून ह्युगोवर : इथवर आलंय

मजकूर निघाला. वर्डप्रेस म्हणजे ब्राउझरमधूनच लेख लिहून चढवायची प्रणाली; तिच्या एक्स्पोर्टमधून एकच अगडबंब एक्सएमएल फाइल हाती येते. ती फोडून प्रत्येक लेखाची वेगळी मार्कडाउन (साध्या खुणांच्या मजकुराची) फाइल करणारी पायथन स्क्रिप्ट आता नीट चालतेय. त्यावरून ह्युगो, म्हणजे अशा फाइलींची तयार पानं करणारा प्रोग्रॅम, अख्खी साइट डोळ्याचं पातं लवायच्या आत बांधून देतो.

वेळ खाल्ला तो लेखांच्या पत्त्यांनी (यूआरएलनी). पत्ता शीर्षकावरून आपोआप बनतो आणि वर्डप्रेस तो २०० कॅरॅक्टरवर छाटतं. इंग्रजीला तेवढी जागा उदंड. आपल्याकडे मात्र देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत) ३ बाइटचं, आणि पत्त्यात एन्कोड झालं की प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ जागा अडवतो. म्हणजे एका चिन्हाला ९. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे! २२ चिन्हांत कारभार आटोपतो. ‘नाणेघाटातील शिलालेखाचे वाचन’ या शीर्षकाचा पत्ता ‘नाणेघाटातील-शिलालेखाचे-व’ इथेच तुटतो. पत्ता हाताने रोमनमध्ये लिहिणाऱ्यांना हे कधी कळतही नाही. बाहेर लोकांनी दिलेल्या लिंका याच तुटक्या पत्त्यांच्या आहेत, तेव्हा ते फेकता येत नाहीत. प्रत्येक लेखाच्या अलायसेसमध्ये (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणाऱ्या यादीत) जुना पत्ता डिकोड करून टाकतोय.

फोटोंचं सोपं होतं. एक मोठा फोटो चढवला की १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ पिक्सेल अशा मापांच्या प्रती तयार होतात, वर २५६० ची आणखी एक. मूळ फोटो ठेवले, बाकी पिलावळ उडवली.

नकाशांनी खरा हिसका दाखवला. नकाशे दाखवणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेला जादा प्रोग्रॅम) बंद केलं की लेखात नुसते चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे ‘इथे नकाशा दाखव’ सांगणाऱ्या खुणा, उरतात, आणि वाटेचे बिंदू डेटाबेसमधल्या प्लगइनच्या स्वतःच्या टेबलात असल्यामुळे एक्स्पोर्टमध्ये येतच नाहीत. जीपीएसने नोंदलेल्या वाटांच्या जीपीएक्स फाइली माझ्याकडे होत्या म्हणून निभावलं. सीएमएस (वर्डप्रेससारखं मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) संथ चालतं, हॅक होतं, अपडेट मागत बसतं, हे सगळे जण बोलतात. कॅशिंग (तयार पानं साठवून ठेवणं) आणि बॅकअपने त्यातलं बरंचसं सावरता येतं. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या टेबलात अडकणं मला जास्त जाचतं. प्लगइनचा कर्ता कंटाळला की आपला नकाशाही गेला.

एका बाबतीत मात्र वर्डप्रेसला तोड नाही. आमच्या गटातले एक काका गाडीत बसल्या बसल्या फोनवरून लेख चढवायचे. त्यांना गिट (फाइलींतले बदल नोंदवून पुढे पाठवायचं साधन) शिकवायला मी जाणार नाही. सध्या ते व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतात आणि मी त्याची फाइल करतो. पावसाळ्यात लेखांची गर्दी झाली की हे कितपत चालेल, शंकाच आहे.

आता शोध बसवायचाय. ‘घाट’ शोधलं तर ‘घाटात’ आणि ‘घाटाने’ही सापडायला हवं, त्यामुळे आधी शब्दाच्या सुरुवातीवरून जुळणी करून बघणार आहे.