कारपथीचा टोकनायझर आणि मुंबईचा मजकूर

मंडळी, एआय शिकवणारा संशोधक आंद्रे कारपथी याचा टोकनायझरवरचा (म्हणजे मजकुराचे क्रमांक दिलेले तुकडे, ‘टोकन’, पाडून भाषा-मॉडेलला देणारा प्रोग्राम) व्हिडिओ (फेब्रुवारी २०२४, लांबी सव्वादोन तास) सोबत कोड लिहीत पुरा केला. पण खरी मजा पुढे आली. त्याने घेतलेला इंग्रजी मजकूर काढला आणि त्या जागी मराठी विकिपीडियावरचा मुंबईचा लेख घातला. कोड तोच, ओळ न् ओळ.

व्हिडिओत तो २५६ बाइटांवर (संगणक मजकूर साठवतो ते ० ते २५५ आकडे) २० मर्ज, म्हणजे जोड्यांचं एकत्रीकरण, करून शब्दसंग्रह (टोकनांची यादी) २७६ वर नेतो. सगळ्यात जास्त वेळा शेजारी येणारी बाइटांची जोडी शोधायची, तिला नवा क्रमांक द्यायचा, पुन्हा मोजायचं. मराठीवर पहिली जोडी आली २२४ आणि १६४, दुसरी २२४ आणि १६५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) तीन बाइट खातं आणि सुरुवातीचे दोन बाइट या दोन जोड्यांपैकीच एक असतात. म्हणजे दोन मर्ज ‘ही देवनागरी आहे’ एवढंच शिकण्यात गेले. तिसरा तर आणखी विचित्र: स्पेस आणि तिला चिकटलेले पुढच्या अक्षराचे दोन बाइट. हे टोकन छापायला गेलं की स्पेसपुढे नुसतं प्रश्नचिन्हाचं चौकोनी चिन्ह दिसतं. कारपथी १२८ या एकट्या बाइटवर डीकोड (बाइटांचा पुन्हा मजकूर करणं) फोडून दाखवतो आणि मग ‘रिप्लेस’ घालतो, म्हणजे चूक न येता तेच प्रश्नचिन्ह छापलं जातं; तो भाग पाहताना किरकोळ वाटला होता. मराठीत त्याच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

त्याहून जिव्हारी लागलं ते रेगेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र. जीपीटी-२ (ओपनएआयचं जुनं भाषा-मॉडेल) रेगेक्सने मजकुराचे आधी तुकडे पाडतो आणि मर्ज त्या तुकड्यांच्या आतच होतात. तुकडे पाडताना युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची क्रमवार यादी) ‘लेटर’ वर्ग बघितला जातो. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या त्या वर्गात नाहीतच, त्या ‘मार्क’ वर्गात. त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द ‘मर’, काना, ‘ठ’, वेलांटी असा चार ठिकाणी विखुरतो. कितीही डेटा ओता, ‘मराठी’ हे सलग एक टोकन बनूच शकत नाही. जीपीटी-४ च्या नमुन्यात अक्षरांच्या आधी ‘लेटर’ नसलेलं एक चिन्ह चालतं, म्हणून तिथे ‘मर’, मग काना चिकटलेला ‘ठ’, मग सुटी वेलांटी. जीपीटी-४ओ मध्ये मात्र मार्क वर्ग नमुन्यातच घेतलाय आणि मे २०२४ मध्ये ओपनएआयने दिलेल्या उदाहरणात मराठीची टोकनं जवळपास एक तृतीयांशावर आली. शब्दसंग्रह मोठा केला हे त्यामागचं मोठं कारण, पण रेगेक्सही बघा. व्हिडिओत कोरियन उदाहरण आहे, पण कोरियनला हा मात्रांचा जाच नाही. हे आपल्यालाच शोधावं लागतं.

आता सादर करणाऱ्यांबद्दल. मला कारपथी आवडतो तो चुका कापून टाकत नाही म्हणून. २०२२ च्या मायक्रोग्रॅडच्या (न्यूरल नेटवर्क शिकवायचा त्याचा छोटा कोड) व्हिडिओत तो ग्रेडियंट (कुठला आकडा किती बदलायचा याचा हिशोब) दर फेरीला शून्य करायला विसरतो, नंतर त्याच्या लक्षात येतं, आणि ते सगळं तो तसंच ठेवतो. शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: चूक कशी दिसते आणि ती सापडते कुठे. यूटीएफ-८ साठी कॉम्प्युटरफाइल या यूट्यूब चॅनेलवरचा टॉम स्कॉटचा २०१३ चा व्हिडिओ अजून कुणी मागे टाकलेला नाही. दहा मिनिटांच्या आत, कागद आणि मार्कर घेऊन, बाइटच्या सुरुवातीचे एक आणि शून्य कशासाठी हे तो असं मांडतो की कुर्ला ते सीएसएमटी उभ्याने पाहिलं तरी डोक्यात बसतं. उलट, नवं मॉडेल आलं की तासाभरात कंपनीचीच घोषणा वाचून दाखवणारे व्हिडिओ मी बंद केलेत. स्क्रीनवर एकही ओळ चालवून न बघता ‘सगळं बदललं’ म्हणणं हा बघणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे.

मराठीत शिकायचं तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प अजूनही पहिल्यांदा सुचवेन. व्हिडिओ छोटे, आवाज मराठी, आणि अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ नि अर्ध्यावर आपला टर्मिनल ठेवून करत जायची शिस्त. ती शिस्त मी कारपथीलाही लावली, म्हणूनच तिसऱ्या मर्जपाशी थांबून बघता आलं. टोकनायझरसारखा विषय त्याच पद्धतीने, मराठी मजकूर घेऊन कुणी शिकवला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

पुढचं काम: रेगेक्समध्ये मार्क वर्ग घालून तोच लेख पुन्हा चालवणार. शिवाय ‘ज्ञानेश्वरी’ म्हणजे ११ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), ३३ बाइट, पण वाचताना अक्षरं चारच: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोड १५.१ (२०२३) पासून देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आलाय. पायथनची रेगेक्स लायब्ररी तो पाळते का, ते आधी तपासतो. कुणी तपासलं असेल तर आवृत्तीचा क्रमांक नक्की द्या.