खुर्ची लावायला गेले आणि टेबल कापावं लागलं

दुपारी तीन वाजून गेले की माझा डावा पाय बधिर व्हायचा. आधी पोटरीला मुंग्या, मग तळवा जड, आणि उठले की दोन पावलं लंगडत. कंबर तर सकाळपासूनच धरलेली असायची. मी हिशेबाचं काम करते, आठवड्यातले चार दिवस घरून. खुर्ची २०२० च्या टाळेबंदीत घेतलेली, उंच पाठीची, जाळीची, डोक्याला टेकू असलेली. खुर्ची इतकी चांगली असताना दुखतंय म्हणजे दोष माझ्या कमरेतच असणार, असं मी चार वर्षं धरून चालले होते.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कंबर तपासली, व्यायाम दिले आणि म्हणाल्या, "तुम्ही काम करत असताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. तुमचं लक्ष नसताना."

मुलीने काढला. त्यात माझी पाठ खुर्चीच्या पाठीपासून वीतभर पुढे होती, पाय चाकांच्या दांड्यांवर चढवलेले, खांदे कानांकडे ओढलेले.

"ताई, खुर्ची तुमच्या पाठीला लागतच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "लागली नाही तर आधार देणार कशी?"

त्यांनी हाडांच्या सांगाड्यावर दाखवलं. उभं असताना कमरेला आत जाणारी एक कमान असते. बसलं की मांड्या काटकोनात येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते कटीच्या हाडाला मागे ओढतात आणि कमान सपाट होते. जे. जे. कीगन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ मध्ये वेगवेगळ्या बैठकींचे एक्स-रे काढून हेच दाखवलं होतं. खुर्चीच्या पाठीला कमरेपाशी जो फुगवटा असतो, तो ही कमान टिकवायला. पण त्याच्यापर्यंत मागे सरकून बसता आलं तरच त्याचा उपयोग.

मला मागे का सरकता येत नव्हतं, ते शिवणाच्या टेपने कळलं. माझी उंची ४ फूट ११ इंच. भिंतीला पाठ टेकवून बसले आणि कुल्ल्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजलं : ४३ सेंटिमीटर. खुर्चीची बैठक पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत ४९. म्हणजे पूर्ण मागे बसले तर कड पोटरीत घुसणार आणि पुढे बसले तर पाठ अधांतरी. बैठकीची कड आणि लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. लवणीतून रक्तवाहिन्या आणि नसा जातात, तिथे तासन्‌तास दाब पडला की पाय बधिर होणारच.

बैठकीखाली हात घालून चाचपलं तर उजव्या बाजूला उंचीच्या दांडीमागे आणखी एक चपटी पट्टी लागली. ती ओढून धरल्यावर बैठक पुढेमागे सरकते! चार वर्षं ती सगळ्यात पुढे अडकलेली होती. मागे ढकलल्यावर बैठकीची खोली ४४ झाली. उरलेलं अंतर मी पाठीमागे एक घट्ट, चपटी उशी लावून भरलं. मऊ उशी चालत नाही, तासाभरात दबून जाते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल दुकानात कुणीच सांगत नाही. खुर्चीची पाठ मागे रेलते तेव्हा किती जोर लावावा लागेल, हे बैठकीखालच्या गोल मुठीने ठरतं. आत एक स्प्रिंग असते, मूठ आवळली की ती ताठ होते. माझी खुर्ची बहुधा ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाच्या हिशेबाने आवळलेली होती. माझं वजन ४८. मी रेलले तरी पाठ हलायचीच नाही, त्यामुळे ती लॉकच आहे अशी माझी समजूत. मूठ उलटी फिरवायला लागले, दहा-बारा फेरे झाले, आणि पहिल्यांदाच ती पाठ माझ्याबरोबर मागे आली. बैठकही थोडी कलते, पण कमी, पाठ साधारण दुप्पट. त्यामुळे मागे रेललं तरी पाय उचलले जात नाहीत. तेव्हापासून लॉक मी उघडाच ठेवते. काटकोनात ताठ बसण्याची शिकवण आपल्याला शाळेपासून असते, पण शरीराला एका जागी खिळून राहणंच सोसत नाही. फोनवर बोलताना मागे, आकडे भरताना सरळ, अशी पाठ हलती राहिल्यापासून कंबर धरणं निम्म्यावर आलं. डोक्याचा टेकू मान पुढे ढकलत होता, तो काढून टाकला.

आता उंची. इथे मी अडकले. पाय जमिनीवर सपाट टेकायचे तर माझ्या गुडघ्यामागची उंची ३७ सेंटिमीटर, आणि खुर्ची खालीत खाली ४६ वर थांबत होती. तरी ती वर करूनच बसावं लागायचं, कारण टेबल ७५ चं. कीबोर्ड कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर खांदे उचलले जातात. माझं कोपर बैठकीपासून २१ सेंटिमीटर वर येतं. टेबलाशी जुळवायचं तर बैठक ५४ वर, म्हणजे पाय १७ सेंटिमीटर लोंबकळत. पायांसाठी खाली उतरले तर टेबल काखेशी यायचं. खुर्चीच्या कितीही मुठी फिरवल्या तरी हे गणित सुटत नव्हतं, कारण चूक एकट्या खुर्चीत नव्हतीच, टेबलातही होती.

खुर्ची दुरुस्तीवाल्या दादांकडे नेली. मधला गॅसचा सिलिंडर बदलता येतो हे मला माहीत नव्हतं. तो स्क्रूने बसवलेला नसतो, निमुळता असतो आणि बसणाऱ्याच्या वजनाने घट्ट रुतून बसतो. त्यांनी खुर्ची उलटी करून हातोडीचे चार ठोके घातले, जुना सुटला, आखूड बसवला. "हा घरी उघडायचा नाही हं ताई, आत दाबाने नायट्रोजन भरलेला असतो," हे त्यांनी दोनदा बजावलं. आता खुर्ची ४१ पर्यंत उतरते. उरलेल्या चार सेंटिमीटरला आईचा जुना जेवणाचा पाट पायाखाली घेतला. नेमका बसला.

४१ अधिक २१, म्हणजे टेबल ६२ हवं. सुतारकाका म्हणाले, "ताई, लाकूड एकदा कापलं की वाढवता येत नाही. आधी करून बघा." म्हणून पाच दिवस मी इस्त्रीच्या टेबलावर काम केलं. त्याची उंची कमीजास्त करता येते. खांदे कधी सैल राहतात ते रोज संध्याकाळी बघितलं, आणि ६२ च पक्कं झालं. मग काकांनी चारही पाय तेरा-तेरा सेंटिमीटर कापले, खालचा खण काढला (मांड्या त्यालाच लागल्या असत्या) आणि खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडायला लागले म्हणून तेही उतरवले. लॅपटॉप उंच केला, कीबोर्ड वेगळा घेतला. पहिले तीन-चार दिवस पाठीचे भलतेच स्नायू दुखले. दुसऱ्या आठवड्यात दुपारचे चार वाजले आणि पाय जागा आहे हे माझ्या लक्षात आलं.

या सगळ्यात मला मनापासून खटकलं ते मापांचं. अमेरिकेत १९९४ मध्ये बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी केलेली एरॉन खुर्ची तीन मापांत आली, कपड्यांसारखी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरांची मापं छापून ठेवली आहेत. म्हणजे आपलं माप कुणी घेतलंच नाही असं नाही. तरी मी ज्या दुकानांत गेले तिथे एकाच मापाची बैठक आणि ७५ चं टेबल. आपल्याकडे बायकांची उंची सर्वसाधारणपणे पाच फुटांच्या आसपास असते. मी काही अपवाद नाही.

ऑफिसातलं टेबल कापता येत नाही. तिथे खुर्ची वर घेऊन पायाखाली कागदांचे दोन गठ्ठे ठेवते. गेल्या बुधवारी टेप घेऊन गेले आणि आमच्या खात्यातल्या सहाही जणींची मापं घेतली. चौघींचे पाय जमिनीला टेकत नाहीत, तिघींच्या बैठकीची कड लवणीत रुतते. एकीच्या खुर्चीखाली तीच चपटी पट्टी सापडली, ती तिथल्या तिथे लावून दिली. बाकीच्यांसाठी पायाखालच्या स्टुलांची मागणी मापांसकट लिहून साहेबांकडे दिली आहे, प्रत्येकीच्या नावापुढे तिची उंची सेंटिमीटरमध्ये.